रस्त्याकडेची झाडे व सुरक्षित रस्त्याची कल्पना : एक परीक्षण

रस्त्याच्या कडेला उभे असलेले झाड हे वाटसरूचा आसरा मानावयाचे की वाहनाच्या वाटेतील धोका, या प्रश्नाला मार्ग-अभियांत्रिकीने गेल्या साठ वर्षांत जे उत्तर दिले आहे ते बव्हंशी दुसऱ्या पक्षाचे आहे. या उत्तरावर एरिक डंबॉ यांनी २००५ साली ‘जर्नल ऑफ द अमेरिकन प्लॅनिंग असोसिएशन’ या नियतकालिकात ‘सेफ स्ट्रीट्स, लिव्हेबल स्ट्रीट्स’ या निबंधाद्वारे आक्षेप घेतला. नगररचनेच्या अभ्यासकांत तो निबंध पुष्कळ उद्धृत होतो. परंतु बहुधा तो निष्कर्षापुरताच उद्धृत होतो, आणि निष्कर्ष ज्या भूमीवर उभा आहे ती भूमी तपासण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाही. प्रस्तुत लेखात ते करण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी आम्ही जे ठिकाण समोर ठेवले आहे ते फ्लॉरिडातील नगर नव्हे, तर ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील, भातसा नदीच्या काठचे सापगाव होय.

सापगाव हे शहर नाही, हा आक्षेप प्रथमच येईल. तो खरा आहे, पण निर्णायक नाही. शहापूरहून मुरबाडकडे जाणारा रस्ता सापगावातून जातो. तोच पुढे कर्जत-खोपोलीकडे उतरतो आणि आज राष्ट्रीय महामार्ग ५४८-अ या नावाने ओळखला जातो. नदीपलीकडे शहापूरला नगरपंचायत आहे आणि तेथून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. शहापूर तालुक्यातूनच जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये खुला झाला. अशा प्रदेशात गाव आणि नगर यांची सीमा कागदावर जितकी स्पष्ट असते तितकी रस्त्यावर नसते. एकच डांबरी पट्टा सापगावच्या माणसाला घरापुढचा रस्ता असतो आणि परगावच्या मालमोटारीला महामार्ग असतो. हे द्वैत हाच खरा विषय आहे. आणि डंबॉ यांच्या निबंधाची कसोटी लागते तीही येथेच.

प्रथम पूर्वपक्ष पाहू. जनरल मोटर्स कंपनीच्या मिशिगनमधील चाचणी-मैदानावर केनेथ स्टोनेक्स यांनी जी निरीक्षणे केली, त्यांतून असे दिसले की रस्ता सोडून बाहेर गेलेल्या वाहनांपैकी सुमारे ८० टक्के वाहने कडेपासून ३० फुटांच्या आत सावरतात. तेव्हा ३० फुटांपर्यंतची, म्हणजे सुमारे ९ मीटरची पट्टी झाडे, खांब, दगड यांपासून मोकळी ठेवावी, म्हणजे चालकाच्या चुकीची शिक्षा मृत्यू होणार नाही, असे प्रमेय मांडले गेले. अमेरिकेत १९६६ साली महामार्ग-सुरक्षिततेचा कायदा झाला आणि १९६७ साली तेथील राज्यांच्या महामार्ग-अधिकाऱ्यांच्या संघटनेने ही मोकळी पट्टी आपल्या शिफारशींत घेतली. अशा रस्त्याला त्या शास्त्रात ‘क्षमाशील रस्ता’ म्हणतात. शब्द मोठा सुंदर आहे. ही कल्पना पुढे जगभरच्या मानकांत उतरली. भारतीय रोड काँग्रेसच्या संरक्षक कठड्यांविषयीच्या मार्गदर्शिकेतही ती आढळते.

या प्रमेयाला त्याच्या मूळ क्षेत्रात नाकारण्याचे कारण नाही. माळावरून सरळ जाणाऱ्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार कडेच्या चिंचेवर आदळली तर चिंच हलत नाही, मोटारीतला माणूस मरतो. झाडांविषयी प्रेम असणाऱ्या लेखकांनी ही गोष्ट झाकून ठेवू नये. डंबॉही ती झाकत नाहीत. त्यांचा मुद्दा निराळा आहे: चाचणी-मैदानावरच्या रस्त्यासाठी काढलेला नियम दुकाने, शाळा, घरे यांच्यामधून जाणाऱ्या रस्त्याला जसाच्या तसा लावला गेला, आणि लावताना तो तेथेही खरा ठरतो काय हे कोणी पाहिले नाही.

हे पाहण्यासाठी त्यांनी फ्लॉरिडातील डीलँड या गावातून जाणारा वुडलंड बुलेव्हार्ड हा राज्यमार्ग घेतला. या रस्त्याचा काही भाग बाजारपेठेतून व स्टेटसन विद्यापीठाच्या परिसरातून जातो. तेथे झाडे कडेला अगदी लगत आहेत. नियमाप्रमाणे हा भाग अधिक घातक असावयास हवा. प्रत्यक्षात तो तसा आढळला नाही. याहून महत्त्वाचे त्यांचे दुसरे निरीक्षण आहे, आणि ते उद्धृत करणाऱ्यांकडून बहुधा सुटते. झाडांवर व खांबांवर वाहने आदळल्याच्या पुष्कळशा घटना सरळ रस्त्यावर चालकाचे लक्ष चुकल्यामुळे घडलेल्या नव्हत्या. त्या आडरस्ते व आवारांची प्रवेशद्वारे यांच्यापाशी, वेगात वळण घेताना घडल्या होत्या. म्हणजे चूक ही दैवाधीन घटना नसून विशिष्ट जागी, विशिष्ट वेगामुळे होणारी क्रिया आहे. मग पट्टी मोकळी करून चूक क्षम्य करावयाची, की वेग कमी करून चूकच टाळावयाची, असा प्रश्न उभा राहतो. टोरांटो येथे जोडी नादेरी यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही मोठ्या रस्त्यांच्या कडेला झाडे व लागवड आल्यानंतर चौकांच्या मधल्या भागातील अपघात ५ ते २० टक्क्यांनी घटल्याचे दिसले होते.

डंबॉ यांची उपपत्ती थोडक्यात अशी: कडेची झाडे चालकाच्या दृष्टीला रस्ता अरुंद भासवतात, आपण वस्तीत आलो आहोत हे त्याला शब्दावाचून सांगतात, आणि तो आपण होऊन वेग आवरतो. वेगाचे महत्त्व पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक नियमाने स्पष्ट आहे. ताशी ३० ऐवजी ६० किलोमीटर वेगाने येणाऱ्या वाहनाची आघातशक्ती दुप्पट नव्हे, चौपट असते.

येथपर्यंत निबंधाशी आमचा मतभेद नाही. मतभेद पुढे आहे, आणि तो निबंधाने जे म्हटले त्याविषयी नसून जे म्हटले नाही त्याविषयी आहे.

क्षमाशील रस्त्याची कल्पना कोणाला क्षमा करते? वाहनात बसलेल्याला. मोकळ्या पट्टीत कोणी नाही, हे तिचे गृहीतकृत्य आहे. मिशिगनच्या चाचणी-मैदानावर ते खरेच होते. सापगावच्या रस्त्यावर मात्र जिला साईडपट्टी म्हणतात ती पट्टी कधीच रिकामी नसते. एस. टी.ची वाट पाहणारी माणसे तेथे उभी असतात, शाळेत जाणारी मुले तेथून चालतात, जांभळे, करवंदे वा रानभाजी घेऊन बसलेली कातकरी किंवा ठाकूर बाई तेथेच पाटी मांडते, आणि संध्याकाळी गुरे तेथूनच परततात. ही पट्टी ९ मीटर मोकळी केली म्हणजे चालकाच्या चुकीला जागा मिळते खरी, पण ती जागा आधीच कोणाची तरी आहे. चूक नाहीशी होत नाही. ती वाहनातल्या माणसाकडून पायी चालणाऱ्याकडे सरकते. क्षमा एकाला मिळते आणि शिक्षा दुसऱ्याला होते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, महाराष्ट्रात १५,२२४. देशातील या मृतांत ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते आणि १९.५ टक्के पायी चालणारे. म्हणजे दर तीन मृतांपैकी जवळजवळ दोघांभोवती मोटारीचा पत्रा नव्हताच. ज्या शास्त्राने रस्त्याच्या कडेचा विचार मोटारीच्या काचेमागे बसून केला, त्याला हे दोघे दिसत नाहीत. आणि खेदाची गोष्ट अशी की डंबॉ यांचा निबंधही त्या काचेमागून पूर्णपणे बाहेर आलेला नाही. झाड चालकाला काय सांगते, हाच त्याचा प्रधान विषय आहे. झाड वाटसरूसाठी काय करते, हा विषय ‘राहण्याजोगा रस्ता’ या शब्दप्रयोगात येतो, पण पुराव्यात येत नाही. शीर्षकातील दोन विशेषणांपैकी पहिले मोजले आहे, दुसरे गृहीत धरले आहे.

ते दुसरे विशेषण मोजण्याचा प्रयत्न याआधीच झालेला होता. डोनल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील तीन सारख्या रस्त्यांची तुलना केली. त्यांवरून दिवसाला अनुक्रमे सुमारे २,०००, ८,००० आणि १६,००० वाहने जात. कमी रहदारीच्या रस्त्यावरच्या रहिवाशांना आपल्याच रस्त्यावर जितके मित्र होते, त्याच्या एक-तृतीयांशच अधिक रहदारीच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना होते. ‘लिव्हेबल स्ट्रीट्स’ हा त्यांचा ग्रंथ १९८१ साली निघाला. पुढच्याच वर्षी अथेन्समध्ये भरधाव मोटारीच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला. रस्ता म्हणजे जाण्याचे साधन नव्हे, राहण्याचे ठिकाण आहे, हे त्यांचे प्रतिपादन आपल्याकडे नवे वाटू नये. वडाचा पार ही संस्था त्याचीच साक्ष आहे. पाराच्या सावलीला बसलेली माणसे ही रस्त्यावर नजर ठेवणारी माणसे असतात. पार गेला की ती नजरही जाते.

डंबॉ यांच्या आधाराला आलेल्या अभ्यासांत आम्हांस सापगावच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा वाटतो तो ऑसेनब्रुगेन, पेंढारकर व आयव्हन यांचा २००१ सालचा. न्यू हॅम्पशायरमधील ग्रामीण व निमनागरी रस्त्यांचे त्यांनी वस्तीच्या स्वरूपाप्रमाणे वर्ग पाडले, आणि त्यांना असे आढळले की जुन्या खेड्यांतून जाणारे भाग दुकानांच्या नव्या विस्तीर्ण पट्ट्यांपेक्षा व विखुरलेल्या निवासी भागांपेक्षा कमी धोक्याचे होते. घरे रस्त्याला लागून, पायवाटा आखलेल्या, वेग कमी. येथे हे लक्षात घेतले पाहिजे की या अभ्यासात झाड एकटे नाही. ते पायवाट, घरे आणि वेगमर्यादा यांच्या सोबतीने आहे. डीलँडमध्येही तसेच आहे. तेथे झाडाच्या आतल्या बाजूला पदपथ आहे आणि बाहेरच्या बाजूला कडदगड आहे. झाडाला श्रेय देताना या सोबत्यांचे श्रेय वेगळे काढलेले नाही. शिवाय तुलनेसाठी घेतलेले रस्त्यांचे तुकडे मोजकेच आहेत. एवढ्यावरून झाड वेग कमी करतेच, असा सार्वत्रिक सिद्धांत करणे धाडसाचे होईल.

सोबती नसले म्हणजे काय होते, ते आपल्याकडच्या कोणत्याही ग्रामीण महामार्गावर दिसते. रस्ता दोनदा-तीनदा रुंद होतो आणि पूर्वी कडेपासून दूर असलेला बुंधा साईडपट्टीत येतो. त्याच्या मागे चर असतो किंवा कुंपण असते. पायी येणाऱ्या बाईला त्या बुंध्याला वळसा घालण्यासाठी डांबरावर उतरावे लागते, आणि नेमक्या त्याच जागी मागून येणाऱ्या चालकाला ती बुंध्याआड असल्याने दिसत नाही. बांधकाम खाते अशा बुंध्यांना गेरूचे व चुन्याचे पट्टे मारते. ते पट्टे बुंधा दाखवतात, बाई दाखवीत नाहीत. येथे झाड तोडणे हा उपाय नव्हे, तसाच झाडाची महती गाणे हाही नव्हे. बुंध्यामागून चालण्याजोगी, चर झाकून केलेली दीड-दोन मीटरची वाट हा उपाय आहे. अशी वाट असली की तोच बुंधा चालणारा आणि मालमोटार यांच्यामधला सर्वांत भक्कम खांब ठरतो. डंबॉ यांना हे सांगण्याची गरज पडली नाही, कारण त्यांच्या नगरात ही वाट आधीपासून होती. आपल्याला ती आधी मागावी लागेल.

आणखी एका आयात निष्कर्षाविषयी सावध असावे. कॅलिफोर्नियातील मोडेस्टो येथे मॅकफर्सन व मचनिक यांनी २००५ साली असे दाखविले की सावलीतल्या रस्त्याचे डांबर उन्हातल्यापेक्षा अधिक टिकते आणि तीस वर्षांच्या हिशोबात दुरुस्तीचा मोठा खर्च वाचतो. मोडेस्टो हे कोरड्या हवेचे गाव आहे. शहापूर-मुरबाडकडे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाऊस थांबल्यावरही पानांवरून पाणी ठिबकत राहते, आणि झाडाखालचे डांबर लवकर उखडते ही आपल्या अभियंत्यांची तक्रार जुनी आहे. ती हसण्यावारी नेऊ नये. मात्र ती झाडाविरुद्धची तक्रार आहे की कडेच्या तुंबलेल्या चराविरुद्धची, हेही तपासावयास हवे. वृक्षजातीचा विचारही येथेच येतो. गुलमोहर हा मूळचा मादागास्करचा; मुळे उथळ, लाकूड ठिसूळ, वाऱ्यात फांद्या मोडणारा. करंज आपल्याच ओढ्याकाठचा, दाट सावलीचा आणि रस्त्याकडेच्या कामाला सोशिक. वड सावलीला अद्वितीय, पण त्याच्या पारंब्या व पसारा यांना जागा लागते. तो दुपदरी रस्त्याच्या ओठावर लावण्याचा वृक्ष नव्हे, फाट्यावर किंवा थांब्यापाशी लावण्याचा आहे.

आपल्याकडे रस्त्याकडेच्या झाडाविषयीचे जे प्राचीन लेख उपलब्ध आहेत, त्यांत दृष्टिकोण कोणाचा आहे हे पाहणे उद्बोधक ठरेल. अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात मार्गांवर वड लावल्याचा, आमराया करविल्याचा आणि विहिरी खोदविल्याचा उल्लेख आहे, आणि हेतू दिला आहे तो पशूंना व माणसांना सावली व्हावी हा. याच राजाच्या शिलालेखांचे तुकडे जुन्या ठाणे जिल्ह्यातील सोपाऱ्यास सापडले. पहिला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना, दुसरा १९५६ साली. सोपारा आणि कल्याण या बंदरांचा व्यापार मुरबाडवरून, वैशाखऱ्याच्या वाटेने नाणेघाट चढून जुन्नरास जाई. घाटमाथ्यावरचा जकातीचा दगडी रांजण आजही तेथे आहे. सोपाऱ्याच्या तुकड्यांत वृक्षांविषयीचा मजकूर नाही, आणि नाणेघाटाच्या वाटेवर अशोकाने वड लावले असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. असली विधाने स्थानिक अभिमानाने केली जातात म्हणून हे स्पष्ट करून ठेवतो. आमचा मुद्दा एवढाच की ज्या काळी रस्ता पायांनी आणि खुरांनी चालला जाई, त्या काळी झाड हे रस्त्याचे अंग होते, रस्त्याबाहेरची वस्तू नव्हती. पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या जत्रेला जनावरे घेऊन येणारे शेतकरीही मुक्कामाची ठिकाणे झाडांवरूनच ओळखत. स्तंभलेखातील आणखी एक गोष्ट मार्मिक आहे: अशी सुखसोय पूर्वीच्या राजांनीही केली, ती फार मोठी गोष्ट नव्हे, असे तो राजा स्वतःच म्हणतो. वृक्षारोपणाच्या समारंभांत हे वाक्य कोणी आठवीत नाही.

आज या झाडांचे रक्षण कोण करते? महाराष्ट्रात दोन कायदे आहेत आणि ते दोन निरनिराळ्या जगांसाठी आहेत. १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन यांविषयीचा कायदा नागरी क्षेत्रापुरता आहे. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या वृक्षाला ‘वारसा वृक्ष’ हा दर्जा मिळाला, आणि एक झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याचे तत्त्व आले. ग्रामीण भागाला मुख्यतः १९६४ चा वृक्षतोड विनियमनाचा कायदा लागतो. त्याची दृष्टी आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशा अनुसूचित जातींवर व त्यांच्या लाकडावर आहे. परिणाम असा की नदीच्या एका तीरावर शहापुरात साठ वर्षांचे झाड वारसा ठरू शकते, आणि त्याच रस्त्यावर, त्याच वयाचे, दुसऱ्या तीरावर सापगावात उभे असलेले झाड तसे ठरत नाही. महामार्ग मात्र दोन्ही तीरांवर एकच आहे, आणि वाहनाचा वेग सापगावात अधिक असण्याचा संभव आहे.

भरपाईच्या तत्त्वातही असाच दोष आहे. जेसोर मार्गावरील ३५६ वृक्षांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ साली एका झाडाचे मूल्य वर्षाला ७४,५०० रुपये धरले; २०२३ साली न्यायालयाने उड्डाणपुलांसाठी तोडीला परवानगी दिली. मूल्य ठरवण्याचा प्रयत्न स्तुत्य होता, पण प्राणवायू, खत, लाकूड इत्यादींच्या हिशोबात झाडाचे स्थान कोठेच येत नाही. थांब्यापाशी उभे असलेले झाड आणि वनविभागाच्या टेकडीवर लावलेली दहा रोपे यांची बेरीज-वजाबाकी होऊ शकत नाही, कारण टेकडीवर कोणी एस. टी.ची वाट पाहात उभे नसते. याच्या उलट उदाहरणही आहे. सांगली जिल्ह्यातील भोसे येथे चारशे वर्षांचा मानला जाणारा वड २०२० साली महामार्गाच्या रेषेत आला, तेव्हा लोकांच्या आग्रहावरून आखणीत बदल करून तो राखण्याचे ठरले. जर्मनीतील मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न या राज्याने तर रस्त्याकडेच्या वृक्षराजीचे रक्षण आपल्या राज्यघटनेतच लिहिले आहे. रेषा वळवता येते. प्रश्न ती कोणासाठी वळवावी हा असतो, आणि भोशाचा वड प्रसिद्ध होता, सापगावसारख्या गावाचे झाड प्रसिद्ध नसते.

डंबॉ यांचा निबंध म्हणूनच आपल्या विद्यार्थ्यांनी वाचावा, पण त्यातला निष्कर्ष उचलण्यासाठी नव्हे. त्यातली पद्धत उचलण्यासाठी. त्यांनी अपघातांच्या नोंदी घेऊन प्रत्येक आघाताची जागा नकाशावर मांडली, हे त्यांचे खरे काम. शहापूर ते मुरबाड या मार्गाचे असे काम एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला सहज करता येईल. वस्तीतले भाग आणि माळावरचे भाग प्रथम वेगळे करावेत. माळावर ताशी ८० किलोमीटरच्या पट्ट्यात कडेलगतच्या बुंध्यांपुढे संरक्षक कठडा हवा की झाड हलवावे, याचा विचार अभियंत्यांबरोबर मोकळ्या मनाने करावा. वस्तीत मात्र प्रत्येक झाडामागे वाट आहे काय, थांबा सावलीत आहे काय, आणि झाडे असलेल्या व नसलेल्या भागांत वाहनांचा वेग किती, हे उन्हाळ्यात एकदा व पावसाळ्यात एकदा मोजावे.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवली पाहिजे. पोलिसांच्या पंचनाम्यात ‘झाडावर आदळून’ ही नोंद मिळते. २०२१ पासून अपघातांची माहिती संगणकीय पद्धतीने भरली जाते आणि महाराष्ट्र हे त्या योजनेच्या पहिल्या राज्यांपैकी एक होते, तिच्यातही आघाताच्या वस्तूची नोंद असते. परंतु वाहन झाडावर अडले म्हणून मागे उभी असलेली माणसे वाचली, या घटनेसाठी पंचनाम्यात रकाना नाही. तिची चौकशी थांब्यावर जाऊन, तेथे रोज उभे राहणाऱ्यांना विचारूनच करावी लागेल.